फाइलला जोडलेला शेरा

शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये नाव, जन्मतारीख, आधीची शाळा असे ठरलेले रकाने असतात आणि शेवटी 'शेरा' नावाचा एक रकाना असतो. त्यात काय लिहायचे हे छापखान्याने ठरवलेले नसते. संगणक प्रत्येक फाइलची अशीच नोंद ठेवतो. आकार, मालक, शेवटचा बदल केव्हा झाला, वाचण्याची परवानगी कोणाला, हे ठरलेले रकाने. लिनक्ससारख्या प्रणालीत शेऱ्याचीही सोय आहे. तिला 'एक्स्टेंडेड अ‍ॅट्रिब्यूट' म्हणतात. आपण तिला 'जादा गुणधर्म' म्हणू.

जादा गुणधर्म म्हणजे एक नाव आणि त्याचे मूल्य यांची जोडी. लिनक्समध्ये नाव २५५ बाइटपर्यंत आणि मूल्य ६४ किलोबाइटपर्यंत असू शकते. प्रत्यक्षात तबकडीवरची मांडणी याहून कंजूष असू शकते. नावाआधी एक उपसर्ग असतो. 'यूजर' हा तुम्हा-आम्हाला मोकळा, तर 'ट्रस्टेड' फक्त प्रणालीच्या सर्वाधिकाऱ्यासाठी राखलेला.

लिनक्सचा संगणक असेल तर वरच्या वर्गातील मुलांकडून एक प्रयोग करून घ्यावा. एका फाइलला 'सेट-एफ-अ‍ॅटर' या आज्ञेने 'यूजर' उपसर्गाचा एखादा शेरा जोडा. फाइल उघडा: मजकूर तसाच. आकार पाहा: तेवढाच. 'गेट-एफ-अ‍ॅटर'ने मात्र शेरा दिसतो. आता ती फाइल साध्या 'सीपी' आज्ञेने दुसऱ्या नावाने उतरवा आणि नकलेचा शेरा शोधा. तो सापडणार नाही. फॅट पद्धतीच्या पेनड्राइव्हवर तर असा शेरा लिहायला जागाच नसते. मजकूर पोचला, शेरा गळाला, आणि कोणी काही बोलले नाही! ही गोष्ट लक्षात ठेवू, पुढे तिचे काम आहे.

एका संगणकावर शेरा गळाला तर फारसे बिघडत नाही. अनेक संगणकांवर पसरलेल्या फाइल-व्यवस्थेत मात्र साऱ्या डोलाऱ्याचा भार शेऱ्यांवर असू शकतो. 'ग्लस्टर' हे याचे उत्तम उदाहरण. आनंद बाबू पेरियासामी यांनी सुरू केलेली ही मुक्त प्रणाली २०११ मध्ये रेड हॅट कंपनीकडे गेली. तिच्या घडणीचे बरेचसे काम बंगळुरूत झाले.

फायली दहा संगणकांवर असतील तर कोणती कोठे आहे हे सांगणारी एक मुख्य वही हवी, असे आपल्याला वाटते. ग्लस्टरमध्ये अशी वही नाही. फाइलच्या नावावर गणिती क्रिया करून ० ते ४,२९,४९,६७,२९५ यांमधील एक आकडा काढतात. या आकड्यांचा कोणता पट्टा कोणत्या संगणकाचा, हे त्या-त्या संगणकावरील फोल्डरच्या शेऱ्यात लिहिलेले असते. शेरे वाचले की पत्ता मिळाला. फाइलचे नाव बदलले तर आकडाही बदलतो. मग मोठी फाइल हलवत बसण्याऐवजी नव्या पत्त्यावर एक रिकामी फाइल ठेवतात आणि तिच्या शेऱ्यात लिहितात, 'खरी अमक्याकडे आहे'.

याहून महत्त्वाचा शेरा नकलांचा. समजा, एका फाइलच्या दोन प्रती 'अ' आणि 'ब' या संगणकांवर आहेत. 'ब' बंद असताना फाइलमध्ये बदल झाला, तर 'अ' आपल्या प्रतीच्या शेऱ्यात 'ब' विरुद्ध नोंद करतो: याच्याकडे इतकी कामे राहिली. ही नोंद अवघ्या १२ बाइटची. तिच्यात चार-चार बाइटचे तीन आकडे असतात: मजकुराचे बदल, ठरलेल्या रकान्यांचे बदल आणि फोल्डरमधील नावांचे बदल. 'ब' परत आला की दोघांचे शेरे पडताळले जातात. 'अ'ची 'ब'विरुद्ध तक्रार आहे, 'ब'ची कोणाविरुद्ध नाही. म्हणजे 'अ' खरा. 'ब'कडे ताजी प्रत जाते आणि तक्रार पुसली जाते.

आता वाईट योग पाहा. 'ब' परतला, पण दुरुस्तीआधीच 'अ' बंद पडला, आणि त्या वेळात 'ब'वर वेगळा बदल झाला. दोघे पुन्हा भेटतात तेव्हा प्रत्येकाची दुसऱ्याविरुद्ध तक्रार असते. अशी फाइल वाचायला गेल्यास व्यवस्था चक्क नकार देते. वापरणाऱ्याला हा आडमुठेपणा वाटतो. आम्हाला तो प्रामाणिकपणा वाटतो. 'नंतर बदललेली खरी' असा नियम लावता येतो, पण मग कोणाचे तरी काम नाहीसे होणार, आणि कोणाचे, हे माणसानेच ठरवलेले बरे.

आमच्या प्रयोगशाळेत एकदा जुनी तबकडी काढून नवी बसवली. आम्ही सर्व फायली उतरवल्या. संख्या जुळली, आकार जुळले, परवानग्याही जुळल्या. तरी व्यवस्था ती तबकडी सुरू करेना. अर्धा दिवस आम्ही तारा तपासल्या. गोम वरच्या प्रयोगातलीच होती: आम्ही शेरे उतरवलेच नव्हते. ग्लस्टर प्रत्येक साठ्याच्या मूळ फोल्डरवर साठ्याची ओळख शेऱ्यात लिहितो आणि ती नसेल तर कामच सुरू करत नाही. हा हट्ट शहाणपणाचा आहे. तबकडी जोडायची राहून गेली असेल, तर त्या जागी नुसते रिकामे फोल्डर दिसते. ओळख न तपासता काम सुरू केले तर माहिती भलत्याच ठिकाणी लिहिली जाईल. जुनी तबकडी आम्ही अजून पुसली नव्हती, म्हणून निभावले. शेऱ्यांसह नक्कल करायला 'आरसिंक'ला कॅपिटल एक्स हा वेगळा पर्याय द्यावा लागतो, आणि 'ट्रस्टेड' शेरे वाचायचे तर सर्वाधिकारीच व्हावे लागते.

दोघांच्या भांडणावर सरळ उपाय म्हणजे तिसरी प्रत ठेवून बहुमत पाहणे. पण त्यासाठी तिप्पट जागा लागते. म्हणून ग्लस्टरमध्ये पंचाची सोय आहे. तिसऱ्या संगणकावर सर्व फायलींची नावे आणि शेरे असतात, मजकूर मात्र एक अक्षरही नसतो. शून्य आकाराच्या या फायली कोणाला वाचायला देता येत नाहीत. 'अ' आणि 'ब' यांपैकी खरा कोण, हे सांगायला मात्र त्या पुरतात.