दोषशोधकाचे दोष

चालता चालता एखादा प्रोग्राम स्वतःचीच दुसरी प्रत निर्माण करतो आणि मग दोघेही आपापल्या वाटेने जाऊ लागतात, असे सांगितले तर ऐकणारास ती मायावी राक्षसाची गोष्ट वाटेल. संगणकाच्या जगात मात्र ही नित्याची घटना आहे. मेल्विन कॉनवे यांनी १९६३ साली आपल्या निबंधात या क्रियेला ‘फोर्क’, म्हणजे फाटा, असे म्हटले. पुढे युनिक्स या प्रणालीने ती रूढ केली. फाटा फुटण्यापूर्वीचा तो जनक आणि नवी प्रत ते अपत्य.

डहाणूच्या श्रोत्यांना ही कल्पना समजण्यास चिकूची वाडी पुरेशी आहे. मातृवृक्षाची फांदी खिरणीच्या रोपाशी बांधून आपण भेटकलम करतो, आणि त्या कलमाला आईच्याच जातीचे फळ धरते. पण कलमाची बांधणी वेळीच सोडली नाही, तर फांदी जाड होताच ती सालीत रुतते, हेही बागाईतदार जाणतो. ही बांधणी ध्यानात ठेवावी. पुढे तिचेच काम आहे.

हा फाटा फोडावयाचा कशाला? समजा, तलासरीच्या एका मुलीने जातीच्या दाखल्यासाठी संगणकावरून अर्ज भरला. त्याच क्षणी इतर शेकडो अर्ज तेथे येत असतात. माहिती साठविणारा पोस्टग्रेएसक्यूएल हा प्रोग्राम प्रत्येक येणाऱ्या जोडणीसाठी एक स्वतंत्र अपत्य निर्माण करतो. आता बाकीच्यांचे अर्ज गेले आणि हिचाच अडला, तर दोष जनकात पाहून सापडणार नाही. तो त्या एका अपत्यात शोधावा लागेल, आणि अर्जाची मुदत काही त्यासाठी थांबत नाही.

दोष शोधण्याचे हत्यार म्हणजे डिबगर. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ साली लिहिलेला जीडीबी हा त्यांतला प्रसिद्ध. त्याची युक्ती साधी आहे. जेथे प्रोग्राम थांबवावयाचा, तेथील आज्ञेचा पहिला बाइट तो काढून ठेवतो आणि त्या जागी सापळ्याची आज्ञा बसवितो. इंटेलच्या यंत्रांत तिचा अंक २०४. प्रोग्राम तेथे पोहोचताच अडखळतो, कर्नेल डिबगरला हाक मारतो, आणि मग आत काय चालले आहे ते सावकाश पाहता येते. पाहून झाले की मूळ बाइट परत ठेवून, एक पाऊल पुढे टाकून, सापळा पुन्हा लावावयाचा. परीक्षक रुग्णाच्या अंगात स्वतःची टाचणी टोचून ठेवतो, असा हा प्रकार आहे.

आता फाटा फुटला. अपत्याला जनकाची सर्व स्मृती जशीच्या तशी मिळते. अर्थात सापळेही मिळतात. जीडीबी बरीच वर्षे एका वेळी एकाच प्रोग्रामाकडे पाहणारा होता, आणि आजही निराळे सांगितले नाही तर तो जनकाबरोबरच राहतो. सोडून दिलेले अपत्य सापळ्यावर पाय देते, अडखळते. पण हाक ऐकण्यास कोणी नसते. अशा वेळी कर्नेलचा नियम मृत्युदंडाचा आहे. म्हणजे एरवी नीट चालणारे अपत्य केवळ तपासणीमुळे मरते, आणि शोधणारा नसलेल्याच दोषाच्या मागे लागतो! रुतलेली बांधणी ती हीच.

जुना उपाय गावठी पण उपयोगी होता: अपत्याच्या प्रारंभी काही सेकंद झोपण्याची आज्ञा लिहावी आणि ते झोपेत असताना दुसरा डिबगर त्याला जोडावा. खरी दुरुस्ती कर्नेलच्या साहाय्यावाचून होण्यासारखी नव्हती. २००२ साली लिनक्सच्या २.५.४६ या विकासाधीन आवृत्तीत ती सोय आली. फाटा फुटताच कर्नेल डिबगरला वर्दी देतो आणि अपत्याला एकही आज्ञा पाळू न देता थांबवून धरतो. डिबगर त्याच्या स्मृतीतील सापळे काढून मूळ बाइट बसवितो, मग त्याला मोकळे करतो. हवे तर अपत्याच्या मागे जावे, जनकाला सोडावे, किंवा दोघांनाही धरून ठेवावे, ही निवड वापरणाऱ्याची.

एवढ्याने निभावले असते तर बरे! ‘जनकाला फाटा फुटला’ आणि ‘अपत्य थांबले’ या दोन वर्दी क्रमानेच येतील असे नाही. दुसरी आधी आली, तर ज्याचे नावही ठाऊक नाही असा एक प्रोग्राम दारात उभा राहतो. त्याला परका म्हणून हाकलणे ही चूक. जीडीबी अशांची एक यादी ठेवतो आणि जनकाची वर्दी येताच त्यांतून अपत्याची ओळख पटवितो. माझ्या मते या सर्व प्रकरणात सर्वांत फसवे स्थळ हेच. कारण हा दोष शंभरदा दिसत नाही आणि एकशेएकाव्या वेळी दिसतो.

तिसरी अडचण ‘व्हीफोर्क’ची. ही बर्कलीच्या युनिक्समध्ये १९७९ साली आलेली काटकसरीची रीत. हिच्यात स्मृतीची प्रत होतच नाही. अपत्य नवा प्रोग्राम सुरू करीपर्यंत किंवा संपेपर्यंत जनकाच्याच स्मृतीत राहते आणि जनक तोवर थांबून असतो. येथे वरचाच उपाय केला तर काय होईल? अपत्यातून सापळे काढले की ते जनकातूनही नाहीसे होतात, आणि पुढे जनक जेथे थांबावयाचा तेथून सरळ निघून जातो. म्हणून डिबगरने सापळे काढावेत, अपत्याला जाऊ द्यावे, त्याने स्मृती सोडल्याची कर्नेलची निराळी वर्दी येईपर्यंत वाट पाहावी, आणि मगच जनकात सापळे पुन्हा लावावेत.