डायलिसिसहून परतणाऱ्याचा हात धरा

रमजानमध्ये घराचे वेळापत्रकच बदलते. पहाटे सहेरीला सारे घर उठते, सूर्यास्ताला इफ्तार होते आणि रात्री तरावीहची जादा नमाज असते. पेण-रोह्यातील एखाद्या घरात डायलिसिसवर असलेले वडील किंवा आजी असतात. त्यांनी रोजा धरला नाही तरी घराबरोबर त्यांचीही झोप मोडते. अशा दिवसांत ते पडणार नाहीत, याकडे घरातल्यांनी खास लक्ष द्यायला हवे.

रुग्ण पडला की आपण म्हणतो, ‘पाय घसरला, लक्ष नव्हते.’ पण दोष दर वेळी लक्षाचा नसतो. मूत्रपिंड निकामी झाले की प्यायलेले पाणी अंगात साठते. मशीन ते साधारण चार तासांत काढून घेते, कधी दोन-तीन लिटरही. जितके जास्त पाणी काढावे लागते, तितका रक्तदाब उतरण्याचा धोका जास्त. मग खाटेवरून उठताच डोळ्यांपुढे अंधारी येते. उभे राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा रक्तदाब 20 किंवा खालचा 10 अंकांनी उतरला, तर डॉक्टर ती धोक्याची खूण मानतात.

याला इतर कारणांची जोड मिळते. मधुमेहामुळे तळपाय बधिर होतात, नजर अधू होते. रक्त कमी असते, मांड्यांतली ताकद गेलेली असते. रक्तदाबाच्या आणि झोपेच्या गोळ्यांनीही तोल जातो. एकदा पडलेला माणूस पुन्हा पडण्याची शक्यता अधिक. भीतीने त्याने चालणे सोडले, तर पाय आणखी दुबळे होतात.

या रुग्णांची हाडेही ठिसूळ झालेली असतात. साध्या पडण्याने खुबा मोडतो. डायलिसिसच्या वेळी रक्त गोठू नये म्हणून बहुधा हेपरिन देतात. म्हणून डोक्याला मार लागला, तर जखम दिसत नसली तरी लगेच रुग्णालय गाठावे.

आपल्याकडे खेड्यातून केंद्रापर्यंतचा प्रवासही असतो. एसटीच्या उंच पायऱ्या, मिनीडोरमधली दाटी, मग जुन्या घराचा उंबरा आणि ओली मोरी. डायलिसिस संपताच रुग्णाला घाईने उठवू नका. आधी बसवा, पाय हलवू द्या, मग उभे करा. परतताना सोबत कोणीतरी असावे आणि त्या दिवशी त्याला एकट्याने न्हाणीघरात जाऊ देऊ नये. रात्री वाटेत दिवा ठेवा, मोरीत भिंतीला धरायला दांडा बसवा, पायात सैल सपाता नकोत.

इफ्तारच्या दस्तरखानावर प्रेमाने आग्रह होतो, ‘एक ग्लास सरबत घ्याच.’ तोच ग्लास पुढच्या डायलिसिसला काढावा लागतो. खजुरात पोटॅशियम भरपूर असते. रक्तात ते वाढले तर स्नायू लुळे पडतात, हृदयाचे ठोके बिघडतात. म्हणून पाणी आणि फळे डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मापातच द्यावीत.

आजाऱ्याला रोजातून सवलत आहे. सूरह बकराच्या 184 व 185 या आयतींत ती स्पष्ट दिली आहे. बरे होण्याची आशा नसेल, तर दर रोजाबद्दल एका गरिबाला जेवण, म्हणजे फिदया, देता येतो. वुजू बसून करता येते, नमाज खुर्चीवर अदा करता येते. सजद्यातून झटक्याने उठताना तोल जातो, हे ध्यानात ठेवून ही मुभा मोकळ्या मनाने घ्यावी.

रुग्ण पडला आणि लागले नाही, तरी पुढच्या फेरीत डॉक्टरांना सांगा. गोळी स्वतःहून बंद करू नका. डॉक्टर तिची वेळ बदलू शकतात, किती पाणी काढायचे ते नव्याने ठरवू शकतात. पण पडल्याचे घरातच झाकून ठेवले, तर त्यांना काहीच करता येत नाही.