तबकडीवर नाव कसे घालावे?

वाचकहो, आपल्या घरातील कपाट एकदा उघडून पाहा. २००० नंतरच्या दशकात ज्या घरी लग्न अथवा मुंज झाली, तेथे छायाचित्रकाराने दिलेली एखादी चकचकीत सीडी बहुधा सापडेल. आज हयात नसलेल्या आजीचा आवाज कदाचित तेवढ्या तबकडीतच उरला असेल. तिच्यावर काय लिहिले आहे, आणि मुख्य म्हणजे कशाने लिहिले आहे, इकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

आमच्याच घरची हकीकत पाहा. थोरल्या बहिणीच्या लग्नाच्या सीडीवर गणपतीचे चित्र व वधूवरांची नावे छापलेला गोल कागद चिकटविलेला होता. काही वर्षांनी त्याची एक कड सुटली. ती वाईट दिसते म्हणून आम्ही नखाने कागद सोलू लागलो, तो कागदाबरोबर चांदीचा पापुद्राही निघून आला! खालच्या बाजूवर एक ओरखडा नव्हता. परंतु सप्तपदी जेथे होती, तेथून आता आरपार उजेड दिसत होता.

असे का व्हावे? आपण चकचकीत बाजूला जपतो आणि नावाची बाजू निर्धोक मानतो. वस्तुतः स्थिती उलट आहे. सीडीची जाडी सुमारे १.२ मिलिमीटर असते व ती जवळजवळ सारी पॉलिकार्बोनेट या पारदर्शक प्लॅस्टिकची. त्याच्या वरच्या अंगाला रंजकद्रव्याचा थर, त्यावर धातूचा आरशासारखा मुलामा आणि त्यावर केसाहूनही पातळ असा लॅकरचा लेप. लेझर किरण खालून प्लॅस्टिक ओलांडून रंजकातील खुणा वाचतो व मुलाम्यावरून परत फिरतो. म्हणजे आपली लेखणी मजकुरापासून केवळ त्या लेपाइतकी दूर असते. खालचा ओरखडा पुष्कळदा घासून घालविता येतो. वरचा मुलामा गेला की मजकूर गेला.

म्हणून बॉलपेन अथवा पेन्सिल यांसारखे टोकदार साधन सीडीवर टेकवू नये. झायलीन किंवा टोल्युईन यांसारखी विद्रावके असलेले, उग्र वासाचे मार्करही नकोत. ती लेपातून आत झिरपू शकतात. पाण्यात कालविलेल्या शाईचे, मऊ टोकाचे मार्कर त्यातल्या त्यात बरे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने २००३ साली तबकड्यांच्या निगेविषयी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तिच्या मते सर्वांत निर्धोक जागा म्हणजे मधल्या छिद्राभोवतीचे पारदर्शक कडे. तेथे मजकूर नसतोच. जागा अपुरी पडते हे खरे. तेव्हा कड्यावर क्रमांक घालावा आणि सविस्तर नोंद डबीतील कागदावर करावी.

चिकटवावयाचे कागद तर टाळावेतच. वेगवान यंत्रात सीडी मिनिटाला सुमारे १०,००० फेरे घेते. कागद किंचित एकीकडे बसला तरी तिचा तोल जातो. डीव्हीडीत मजकुराचा थर ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्यांमध्ये असतो, त्यामुळे वरच्या लिखाणाचे भय कमी. कागदाने तोल बिघडण्याचे भय मात्र तिलाही आहे.

लिहावे काय, हेही महत्त्वाचे. आमच्या कपाटात नुसते ‘लग्न’ लिहिलेल्या चार तबकड्या निघाल्या. कोणाचे लग्न? नाव, स्थळ, तारीख एवढे तरी हवेच.

पूर्वीच कागद लावला असल्यास तो सोलू नका. चुकीच्या मार्करने लिहिले असल्यास पुसण्याच्या खटपटीतही पडू नका. तबकडी चालते आहे तोवर तिची प्रत संगणकावर उतरवून घ्या. नव्या बहुतेक संगणकांत तबकडीचा कप्पाच नसतो, तेव्हा बाहेरून जोडावयाचे यंत्र मिळवावे लागेल.

बहिणीच्या लग्नाची दुसरी सीडी सुदैवाने तिच्या सासरी होती. तिच्यावर कोणी काहीच लिहिले नव्हते. आम्ही ती उतरवून घेतली आणि आतल्या कड्यावर बारीक अक्षरांत तारीख घातली.