खडा गेला, रक्त मागाहून आले

मूतखडा काढून माणूस घरी आला की तो सुटला, असे आपण समजतो. आम्हीही तसेच समजत होतो. वागळे इस्टेटमध्ये भट्टीवर काम करणारा आमचा एक सोबती शस्त्रक्रियेनंतर आठव्या दिवशी कामावर हजर झाला. रोजावरचा माणूस, बसून भागणार कसे? अकराव्या दिवशी डोंबिवलीस घरी असताना त्याच्या लघवीतून लालभडक रक्त व गाठी पडू लागल्या. पाठीवरची जखम तर बोटाच्या पेराएवढी आणि कोरडी! मग रक्त आले कोठून? डॉक्टरमंडळींना विचारून आम्हांस जे उमगले, ते येथे मांडतो.

मोठा खडा काढताना पाठीतून मूत्रपिंडात सुई घालतात, ती वाट सुमारे एक सेंटिमीटर रुंद करतात आणि दुर्बिणीने खडा फोडतात. ही पद्धत १९७६ साली स्वीडनमध्ये प्रसिद्ध झाली. कूस चिरण्यापेक्षा ती पुष्कळ सुखाची, यात वाद नाही. परंतु मूत्रपिंड हे रक्ताचे कल्याण जंक्शनच समजा. हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा, म्हणजे मिनिटाला लिटरभर, दोन्ही मूत्रपिंडांतून जातो. अशा ठिकाणी सुईच्या वाटेत एखादी बारीक रोहिणी फाटली, तर रक्त बाहेर येऊन तिच्या अंगाला एक पिशवी धरते. या पिशवीस स्वतःची भिंत नसते; गोठलेले रक्त तिला झाकून ठेवते. आठ-पंधरा दिवसांनी ती गुठळी विरघळली की पिशवी मूत्रमार्गात फुटते. कधी शेजारची नीलाही भोसकली जाते व रोहिणीचे रक्त सरळ तिच्यात शिरते.

असे शंभरात एखाद्यालाच होते. पहिले काही दिवस लघवी गुलाबी दिसली तर घाबरू नये. थांबलेले रक्त पुन्हा जोराने आले, गाठी पडल्या, लघवी अडली किंवा घेरी आली, तर मात्र रात्र काढू नये. जांघेच्या रोहिणीतून बारीक नळी नेऊन, क्ष-किरणांखाली फाटलेली फांदी शोधून, धातूचे वेटोळे घालून ती बंद करतात. मूत्रपिंडाचा लहानसा तुकडा जातो, बाकीचे वाचते. ही सोय प्रत्येक इस्पितळात नसते. आमच्या सोबत्यास मध्यरात्री मुंबईस न्यावे लागले. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वीच विचारावे : असे झाले तर कोठे जायचे?

पुरेसे दिवस वर्गणी भरलेल्या कामगारास राज्य विमा योजनेतून आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत, मजुरीच्या ७० टक्के मिळतात. आमच्या सोबत्याची वर्गणी कापली जात होती. हे त्यास ठाऊक नव्हते. खरे सांगायचे तर त्याच्या खात्यापर्यंत आमचेच पाय पोचले नव्हते.