फ्रेंच ऐकताना शब्द सुटे का ऐकू येत नाहीत?

‘ले प-ती-त्रू’ असे फ्रेंचमध्ये कानावर पडले, तर अर्थ काय? ‘लहान भोके’ किंवा ‘लहान चाके’. लिहिताना दोन्ही वेगळे, उच्चार मात्र एकच! कॅनडासाठी टीईएफ किंवा टीसीएफ देणाऱ्यांना वाचताना कळलेले वाक्य ऐकताना निसटते, त्याचे एक कारण इथे आहे.

शब्दाचे तुकडे कसे पडतात?

फ्रेंच सिलेबल शक्यतो स्वरावर संपते. दोन स्वरांमध्ये एकच व्यंजन असेल तर ते पुढच्या स्वराला जाते : आ-मी (मित्र). दोन असतील तर सहसा फुटतात : पार-तीर (निघणे). पण ब, त, क अशा व्यंजनानंतर र किंवा ल आला, तर जोडी एकत्रच पुढे जाते : ता-ब्लो (चित्र).

खरी अडचण पुढे आहे. हा नियम शब्द संपला म्हणून थांबत नाही. ‘आव्हेक’ (सोबत) आणि ‘एल’ (ती) मिळून ‘आ-व्हे-केल’ होते. ‘ले’ आणि ‘आमी’ जोडले की एरवी मुका असलेला एस ‘झ’ होऊन मध्ये येतो : ‘ले-झा-मी’.

मग जोर कुठे?

इंग्रजीत ‘युनिव्हर्सिटी’चा जोर ‘व्हर’वर, कायमचा. फ्रेंच ‘युनिव्हेर्सिते’ एकटा उच्चारला तर जोर शेवटच्या ‘ते’वर. पण ‘युनिव्हेर्सिते द पारी’ म्हटले की तो ‘री’वर सरकतो. म्हणजे जोर शब्दाचा नसून शब्दगटाचा असतो आणि तोही मुख्यतः स्वर लांबवून दिला जातो. कौतुकाने ‘फॉर्मिदाब्ल!’ म्हणताना ‘फॉर’वरही जोर येतो, ती गोष्ट वेगळी.

मूळ लॅटिनमध्ये आहे. ‘ताबुला’त जोर ‘ता’वर होता. त्यापुढचा भाग झिजत गेला आणि ‘ताब्ल’ (टेबल) उरले. जोराचे सिलेबल आपोआप टोकाला आले. शेवटचा ई आजही लिहितात, पण सहसा बोलत नाहीत. छापताना ओळ तोडायची तर तो मोजला जातो. मराठीतही ‘घर’ वृत्तात दोन अक्षरे, बोलण्यात एकच.

ई वरची तिरपी रेघ पाहून अनेक जण तिथे जोर देतात. ती जोराची खूण नाही, स्वर ‘ए’सारखा उच्चारायचा एवढेच ती सांगते.

सराव करताना प्रत्येक शब्दापाशी थांबू नये. पूर्ण गट एका दमात म्हणावा आणि फक्त शेवटचा स्वर किंचित ताणावा. भोके की चाके, ते मात्र पुढचे वाक्य ऐकूनच ठरवावे लागेल.