कच्ची वही

नववीच्या वर्गाचे ‘माझी आजी’ हे निबंध तपासत होते. एकीने लिहिलं होतं, ‘आजी म्हणजे वात्सल्याचा अथांग सागर.’ सगळं गुळगुळीत, वेलांटीचीसुद्धा चूक नाही. मी तिला भर वर्गात विचारलं, “चॅटजीपीटीवरून उतरवलंस ना?” ती काहीच बोलली नाही. मधल्या सुट्टीत तिने कच्ची वही आणून माझ्यापुढे ठेवली.

तीन पानं खाडाखोड. एक वाक्य खोडूनही वाचता येत होतं : ‘आजीला सुईचं नेढं दिसत नाही, म्हणून शाळेत येण्याआधी मी तिला गोधडीसाठी सहा सुया ओवून ठेवते.’

“हे का खोडलंस गं?”

“बाई, निबंधात असं लिहीत नाहीत ना?”

गाईडमधल्या ‘वात्सल्याच्या सागरा’ला वर्षानुवर्षं मीच भरभरून गुण देत आले होते. मोबाईल आता तेच गाईड फुकटात काढून देतो. दुसऱ्या दिवशी भर वर्गात मी तिची माफी मागितली.

यंत्राने लिहिलेलं ओळखण्याचं साधन शोधावं, तर चॅटजीपीटी काढणाऱ्या ओपनएआयनेच जानेवारी २०२३मध्ये तसं एक आणलं होतं. त्यांच्याच चाचणीत यंत्राच्या इंग्रजी मजकुरापैकी २६ टक्केच पकडला गेला आणि माणसांनी लिहिलेल्या ९ टक्के मजकुरावर यंत्राचा शिक्का बसला. साठ मुलांच्या वर्गात ही पाच निर्दोष पोरं झाली. जुलैत ते साधन बंद झालं. न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांनी त्याच जानेवारीत चॅटजीपीटीवर बंदी घातली आणि मे महिन्यात उठवली.

आता आमच्याकडे निबंधाची सुरुवात वर्गातच होते. पक्क्या निबंधाला कच्चा जोडायचा, दहापैकी चार गुण कच्च्याला. मोबाईलला विचारलं असेल तर काय विचारलं ते खाली लिहायचं. त्यासाठी ओरडा नाही. साठ कच्च्या वह्या वाचायला वेळ लागतो आणि शाळांनी त्यासाठी तासिका द्यायलाच हवी. नुसतं ‘मुलांवर लक्ष ठेवा’ असं परिपत्रक काढून भागणार नाही.

परवा मोबाईलने लिहिलेली आजी मी फळ्यावर उतरवली. ती रोज रात्री नातवंडांना राजाराणीच्या गोष्टी सांगत होती. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, “बाई, आमची आजी दिवसभर वीटभट्टीवर असते. जेवता जेवताच तिचा डोळा लागतो.”

त्याला म्हटलं, “इथूनच सुरुवात कर.”