फुंकर कुणाची, भिरभिरं कुणाचं?

जत्रेतलं कागदी भिरभिरं फुंकर मारली की कसं गरगरा फिरतं! आता गंमत ऐक. तुझ्या घरातला दिवा, पंखा, फ्रीज, सगळं बहुतेक वेळा अशाच एका भिरभिऱ्याच्या जिवावर चालतं. फक्त ते भिरभिरं असतं धातूचं आणि चांगलंच जाडजूड! त्याचं नाव टर्बाईन.

पण नुसतं फिरून वीज कशी तयार होते?

टर्बाईनच्या दांड्याला जनित्र जोडलेलं असतं. त्यात असतो एक चुंबक आणि त्याच्याभोवती तांब्याच्या तारांची वेटोळी. दांडा फिरला की चुंबक फिरतो, आणि तारांमधून वीज धावू लागते! चुंबक तारेला शिवतसुद्धा नाही, बरं का! ही करामत मायकेल फॅरेडे यांनी १८३१ साली शोधून काढली.

म्हणजे प्रश्न उरला एकच. एवढ्या अवजड भिरभिऱ्याला फुंकर घालणार कोण?

कोयनेला ही फुंकर पाण्याची! कोयना नदी कृष्णेला मिळते आणि तिचं पाणी पार बंगालच्या उपसागराकडे निघतं. सातारा जिल्ह्यात धरण बांधून तिला अडवलं. मग इंजिनिअर मंडळींनी काय केलं असेल? ओळख बघू!

त्यांनी डोंगरच पोखरला! बोगद्यांतून पाणी उलट्या दिशेला, पश्चिमेला नेलं आणि कोकणच्या बाजूला खाली सोडलं. सह्याद्रीचा कडा तिकडे केवढा उंच! पाणी चारशे मीटरहून जास्त खाली येतं आणि जोरात पात्यांवर आदळतं. आणि पोफळीचं वीजघर कुठे आहे, माहीत आहे? डोंगराच्या पोटात!

थांब, अजून संपलं नाही. काम करून बाहेर पडलेलं पाणी पायथ्याशी कोळकेवाडीच्या धरणात साठवतात आणि पुन्हा टर्बाईनवर सोडतात. एकाच पाण्याकडून दोनदा काम! त्यानंतर कुठे त्याला सुट्टी मिळते. मग ते वाशिष्ठी नदीतून अरबी समुद्राला जातं. निघालं होतं कुठे, पोहोचलं कुठे!

चंद्रपूरला मात्र फुंकर वाफेची. कोळसा जाळायचा, पाणी उकळायचं आणि प्रचंड दाबाची वाफ पात्यांवर सोडायची. तिथली टर्बाईन मिनिटाला ३००० फेऱ्या मारते. तू ‘एक’ म्हणेपर्यंत तिच्या पन्नास फेऱ्या झाल्यासुद्धा!

आता माझी सगळ्यात आवडती गोष्ट. तारापूरला १९६९ पासून अणुवीज तयार होते. अणुवीज म्हटलं की काहीतरी भलतंच अद्भुत यंत्र डोळ्यांसमोर येतं, नाही? तिथे युरेनियमचे अणू फुटतात. भयंकर उष्णता निघते. आणि त्या उष्णतेचं करतात काय?

पाणी उकळतात! हो, खरंच! एवढा खटाटोप कशासाठी, तर वाफेसाठी. आणि वाफ कशासाठी? भिरभिरं फिरवायला!

वाऱ्याला तर काही उकळायचीही गरज नाही. कोयनेच्या जलाशयाजवळच वनकुसवड्याचं पठार आहे. तिथे उंच खांबांवर पवनचक्क्या फिरतात. खाली पाण्याची वीज, वर वाऱ्याची!

आणि गच्चीवरचं सौर पॅनेल? त्याच्यात कुठलं भिरभिरं असतं?

एकही नाही! ते उन्हापासून थेट वीज बनवतं, तेही बसल्या जागी. एवढ्या सगळ्या मंडळींत न फिरणारं तेवढं एकच!